तिसऱ्या दिवसाचा पाहुणा

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धनमधली आमची सुपारीची वाडी काही तासांत आडवी झाली. माझ्या आजोबांच्या हातची झाडे होती ती. पंचनामा झाला, थोडी मदत मिळाली, काही रोपे पुन्हा लावली. पण सुपारी म्हणजे मेथीची भाजी नव्हे, की महिन्याभरात हाती यावी. तेव्हापासून घरात एकच प्रश्न होता : वाडीचे करायचे काय?

धाकटा भाऊ म्हणे, "आपा, समोर समुद्र आहे. पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरभरून येतात. उरलेली झाडं काढू, दहा-बारा खोल्या बांधू आणि रिसॉर्ट करू." अम्मी म्हणे, "माझ्या डोळ्यांदेखत नको." आणि दोघेही निकालासाठी माझ्याकडे पाहत, कारण मी मास्तरीण. जणू बी.एड.ला हाही एक विषय असतो!

शेवटी तोड अम्मीनेच काढली. "माझ्या भाच्याला विचारा. त्याची अर्धी उमर लोकांना बेट दाखवण्यात गेली. तो काय म्हणतो ते ऐकू."

अम्मीचा हा भाचा, म्हणजे माझा मामेभाऊ, आमचा भाईजान. वयाच्या बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी दार-ए-सलामला गेला, तिथून झांझिबारला पोहोचला, तिथल्याच मुलीशी निकाह केला आणि पर्यटकांना फिरवणारा गाइड झाला. दर ईदला त्याचा फोन येई आणि दर ईदला तो "कधी येताय?" म्हणून विचारी. या वेळी दिवाळीच्या सुटीत मी, माझे पती आणि आमची नववीतली लेक असे तिघे खरोखरच निघालो.

घड्याळ लावून घेताना

मुंबईहून विमानाने दार-ए-सलाम आणि तिथून फेरीबोटीने सुमारे दोन तास, असा आमचा प्रवास झाला. झांझिबार हा टांझानिया देशाचा भाग असलेला हिंदी महासागरातला बेटांचा समूह. उंगुजा आणि पेम्बा ही त्यातली दोन मोठी बेटे. आपण ज्याला झांझिबार म्हणतो ते मुख्यतः उंगुजा. लांबी सुमारे 85 किलोमीटर. 2022 च्या जनगणनेनुसार साऱ्या झांझिबारची लोकसंख्या जवळपास 19 लाख आहे आणि तीत बहुतेक सगळे मुसलमान.

कोकणातल्या माणसाला बेट नवे नाही. मुरूडसमोरचा आमचा जंजिरा म्हणजे अरबी 'जज़ीरा', अर्थात बेटच. श्रीवर्धनही जंजिरा संस्थानातच होते, आणि त्या संस्थानचे सिद्दी नवाब मूळचे आफ्रिकेचे. शाळेत हा धडा मी दरवर्षी शिकवते. पण फेरीबोटीतून उतरताना धक्क्यावरच्या हमालाने "करीबू!" म्हणून हसून स्वागत केले, तेव्हा वाटले की धड्याचे दुसरे पान आत्ता उघडते आहे.

भाईजानचे घर ङाम्बो भागात आहे. ङाम्बो म्हणजे 'पलीकडचे'. अलीकडे अरब आणि भारतीय व्यापाऱ्यांचे दगडी वाडे, मध्ये खाडी आणि पलीकडे साध्या माणसांची वस्ती, अशी जुनी मांडणी होती. आता खाडी बुजली आहे, नाव तेवढे राहिले आहे.

भाभींना उर्दू मोडकी-तोडकी येते. रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "कल तीन बजे शहर जाएँगे." आम्ही निर्धास्त झालो. फज्रनंतर पुन्हा पडलो. सकाळचे नऊ वाजले तर भाभी काळी बुईबुई घालून दारात तयार, आणि आमच्या यांच्या एका गालाला साबण! भाईजान हसून हसून बेजार झाला. स्वाहिली माणसाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. बेट विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच उगवतो. म्हणून आपले सात म्हणजे त्यांचा एक आणि आपले नऊ म्हणजे तीन. लेक म्हणाली, "अम्मी, हेच बरोबर आहे. दिवस उजाडल्यावर मोजायला सुरुवात करायची." तिच्या गणिताच्या बाईंना हे पटेल की नाही, अल्लाह जाणे.

भाषेचीही गंमत झाली. स्वाहिलीत किताबू, कलामू, हेसाबू, साबुनी, दुनिया असे शब्द ऐकून मला उर्दूच्या तासाला बसल्यासारखे वाटे. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', आणि चहा-चपाती तर जशीच्या तशी. भाभी शेजारणींना माझी ओळख 'म्वालिमु' म्हणून करून देत. म्हणजे मुअल्लिम. आळीतली पोरे मला पाहिली की "शिकामू!" म्हणत. वडीलधाऱ्यांना करायचा हा सलाम. त्याला उत्तर 'मरहबा' असे द्यायचे. चार दिवसांत मी इतक्या वेळा मरहबा म्हणाले, की घरी परतल्यावर आमच्या शाळेच्या शिपायालाही तसेच उत्तर दिले.

भाईजानची ठिकाणे

"पाहुण्यांना काय दाखवता?" असे विचारल्यावर भाईजान म्हणाला, "त्यांनी पैसे ज्याचे दिलेत ते आधी दाखवतो. मग मला जे आवडतं ते दाखवतो."

पैसे कशाचे, ते ओळखीचे आहे. पांढरी वाळू, निळे पाणी, मसाल्यांच्या बागा, चांगू बेटावरची सेशेल्समधून आणलेली महाकाय कासवे, जोझानीच्या जंगलातली लालसर पाठीची कोलोबस माकडे. ही माकडे जगात फक्त याच बेटांवर आढळतात. हे सारे आम्हीही पाहिले आणि सुभानअल्लाह म्हणालो. पण भाईजानचा चेहरा खुलला तो दुसऱ्याच जागी.

त्याची पहिली जागा म्हणजे पहाटेचे मालिंदी बंदर. तिथे शंकूसारखा मिनार असलेली एक जुनी मशीद आहे. फज्रची नमाज पढून आमचे हे परतले ते आश्चर्य घेऊनच. हे मूळचे सोलापूरचे, हनफी. म्हणाले, "अगं, यांनी फज्रला कुनूत पढली. अगदी तुमच्या श्रीवर्धनसारखी!" झांझिबारचे बहुसंख्य मुसलमान शाफई आहेत आणि आम्ही कोकणीही शाफईच. समुद्राच्या दोन काठांवर एकाच पद्धतीने हात उठतात, याचे कारण बंदरातच दिसत होते. तिथे अजूनही शिडाची गलबते लागतात. डिसेंबर ते मार्च या काळात ईशान्येचा वारा, म्हणजे 'कास्काझी', अरबस्तान आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून गलबतांना इथे आणी. पुढे नैर्ऋत्येचा 'कूसी' त्यांना परत नेई. मधले महिने व्यापारी इथेच राहत. नमाज, निकाह, हिशेब आणि शब्द हे सगळे त्या थांबण्यातून आले. घाईत असते तर काही आले नसते.

दुसरी जागा म्हणजे दाराजानी बाजार. ही इमारत 1904 सालची. मासळीचा लिलाव, फणस, आंबे, नारळ, आणि गोरखचिंचेच्या बियांना लाल पाक चढवून केलेली 'उबुयू' नावाची गोळी, जिने माझ्या लेकीची जीभ दिवसभर लाल ठेवली. भाभींनी मासा निवडताना कल्ला उचलून पाहिला, तेव्हा मला माझी आजी आठवली. मासळी बाजारातल्या बायकांना दुभाषी लागत नाही.

तिसरी जागा म्हणजे स्टोन टाउनच्या गल्ल्या. या जुन्या दगडी शहराला 2000 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून हातगाडी आली तर दारात शिरावे लागते. आणि दारे काय सुंदर! सपाट चौकटीची अरबी पद्धतीची, वर कमान असलेली हिंदुस्थानी पद्धतीची, त्यांवर पितळेचे टोकदार खिळे. काही दारांच्या माथ्यावर अरबीत मजकूर आणि हिजरी साल कोरलेले. मी वाचून दाखवू लागले तशी दोन फिरंगी पाहुणी थांबून ऐकू लागली. भाईजान हळूच म्हणाला, "बाय, तू इथंच राहा. माझा धंदा वाढेल."

पण त्याला या शहरात सर्वांत प्रिय आहे ती 'बराझा'. घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून बांधलेला दगडी कट्टा. आपला ओटाच. तिथे संध्याकाळी म्हातारे बसतात, डॉमिनो खेळतात, पितळी किटलीतली कडू कॉफी इवल्याशा कपातून पितात आणि बरोबर शेंगदाण्याची 'कशाता' खातात. कशाता म्हणजे चिक्कीची बहीण. शार्क माशाच्या चित्रामुळे जॉज कॉर्नर म्हटल्या जाणाऱ्या चौकात ही मैफल रोज भरते. बायका तिथे बसत नाहीत. भाभींची बैठक घराच्या मागच्या दारी, तिथे मी दोन संध्याकाळी मनसोक्त बसले. झांझिबारच्या विधिमंडळाच्या नावातही हाच शब्द आहे, बराझा. ओट्यावर बसून गावाचा निकाल लावायची आपलीही रीत होती. आता आपण ओटे फोडून गाडी लावायला जागा करतो.

जे दाखवायला जड जाते

दुसऱ्या दिवशी भाईजान आम्हाला गुलामांच्या जुन्या बाजाराच्या जागी घेऊन गेला. आज तिथे चर्च आहे. बाहेर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात दगडी माणसे उभी केली आहेत, गळ्यात खऱ्या साखळ्या. आफ्रिकेच्या आतल्या भागातून धरून आणलेल्या हजारो माणसांची, बायकांची, लेकरांची इथे विक्री झाली. 1873 मध्ये इंग्रजांच्या दबावाखाली सुलतान बर्गश यांनी हा बाजार बंद केला.

भाईजान तिथे काही बोलला नाही. नेहमी बोलणारा माणूस पाच मिनिटे गप्प उभा राहिला. बाहेर आल्यावर लेकीने विचारले, "मामू, हा व्यापार करणारे कोण होते?" तो म्हणाला, "सुलतान आपले होते. व्यापाऱ्यांतही पुष्कळ आपले होते. पैसा पुरवणाऱ्यांत हिंदुस्थानी सावकार होते आणि हस्तिदंत आणि लवंग विकत घेणारे गोरे होते. पाहुण्यांना मी यातलं काही लपवत नाही. दीन गुलामाला मुक्त करण्याचं सवाब सांगतो आणि आपल्या माणसांनी काय केलं तेही इथं दिसतं. दोन्ही माहीत असलं पाहिजे."

ओमानचे सुलतान सय्यद सईद यांनी 1840 च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून इथे हलवली ती लवंगेच्या बळावर, आणि लवंगेच्या बागा गुलामांच्या श्रमावर उभ्या होत्या. त्यांचे पुत्र बर्गश यांनी 1883 मध्ये समुद्रासमोर 'बैत अल-अजाइब' हा महाल बांधला. 25 डिसेंबर 2020 रोजी त्याचा मोठा भाग कोसळला. 12 जानेवारी 1964 च्या क्रांतीत सुलतानशाही गेली. त्या वेळी अनेक अरब आणि भारतीय कुटुंबे मारली गेली किंवा देशोधडीला लागली. 2021 चे साहित्याचे नोबेल मिळालेले अब्दुलरज़ाक गुरना याच बेटावर 1948 मध्ये जन्मले आणि क्रांतीनंतरच्या काळात तरुणपणी इंग्लंडला गेले. वाळूवर आडवे होऊन फोटो काढणाऱ्यांना यातले काहीच दिसत नाही. बेट मात्र हे सगळे अंगावर वागवत उभे आहे.

त्याच दुपारी आम्ही दक्षिणेला किझिमकाझीला गेलो. पर्यटक तिथे डॉल्फिन पाहायला जातात आणि मोटरबोटी त्या बिचाऱ्या जिवांचा पाठलाग करतात. भाईजान जाता होईल तो ते टाळतो. त्याची जागा आहे तिथली साधी, पत्र्याच्या छपराची मशीद. बाहेरून पाहिली तर खेड्यातली कोणतीही मशीद वाटावी. आत मिहराबजवळ कूफी लिपीतला कोरीव लेख आहे, त्यावर हिजरी 500 साल आहे. म्हणजे इसवी सन 1107. इमारत पुढे दुरुस्त होत गेली, पण लेख तोच. दिल्लीचा कुतुबमिनार उभा राहू लागण्याच्या ऐंशी-नव्वद वर्षे आधी या वाळूवर कोणी तरी इतक्या नाजूक हाताने अल्लाहचे नाव कोरत होते. आणि त्या जागी आजही नमाज होते. आम्ही तिथेच अस्र पढलो. लेक बराच वेळ त्या अक्षरांसमोर बसून राहिली. फोटो काढायचे तिला सुचलेच नाही.

तिसरा दिवस, हातात कुदळ

स्वाहिलीत एक म्हण आहे. तिचा अर्थ असा : पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. आपल्याकडेही मेहमाननवाजीचे तीन दिवस हदीसमुळे सर्वांना ठाऊक आहेत. भाभींनी म्हण अक्षरशः पाळली. तिसऱ्या दिवशी त्या आम्हाला पूर्व किनाऱ्यावरच्या जांबियानी या आपल्या माहेरी घेऊन गेल्या आणि त्यांच्या खालांनी माझ्या हातात दोरी दिली.

या किनाऱ्याला लांबवर प्रवाळाचा बांध आहे. ओहोटीला पाणी इतके मागे जाते, की समुद्राच्या तळावर माणसे चालताना दिसतात. सकाळी बायका गुडघाभर पाण्यात उतरतात. वाळूत खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणलेल्या असतात आणि दोऱ्यांना समुद्रशेवाळाचे तुकडे बांधलेले असतात. हे शेवाळ वाढले, की काढून किनाऱ्यावर वाळवायचे. त्यातून निघणारा चिकट पदार्थ टूथपेस्टपासून आइस्क्रीमपर्यंत अनेक वस्तूंत जातो. 1980 च्या दशकाच्या शेवटी हे काम इथे सुरू झाले आणि ते करणाऱ्या बहुतेक सगळ्या बाया आहेत. खाला म्हणाल्या, या पैशातूनच त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या कमाईने मुलीची शाळेची फी भरली. आता पाणी तापू लागले आहे, जास्त भाव मिळणारी जात मरते, व्यापारी देतात तो भाव तुटपुंजा. म्हणून काही बायका शेवाळ दळून त्याचा साबण करू लागल्या आहेत. तो पाहुणे हौसेने घेतात.

मी तासाभरात वीसेक गाठी मारल्या. खालांनी त्यातल्या निम्म्या सोडून पुन्हा बांधल्या, न बोलता, जशी मी पहिलीच्या पोराची चुकलेली बेरीज पुसते. कंबर मोडली, पण त्या एका तासात समुद्र मला जेवढा कळला तेवढा तीन दिवस खिडकीतून पाहून कळला नव्हता. किनाऱ्यालगतच्या ओल्या वाळूत नारळाची सोडणे पुरून ठेवली होती. काही महिन्यांनी ती काढून कुटायची आणि काथ्या वळायचा. तोही बायकांचाच उद्योग.

दुपारी नारळाच्या रसातले ऑक्टोपसचे कालवण होते. मी शाफई, बिस्मिल्ला करून वाढून घेतले. हनफी मसल्याप्रमाणे समुद्रातले फक्त मासेच चालतात, त्यामुळे आमचे हे त्या भांड्याकडे पाहत राहिले. खालांनी हसून त्यांच्यापुढे तळलेली सुरमई ठेवली. मतभेद एका ताटात इतक्या सुखाने बसलेले मी फारसे पाहिलेले नाहीत.

जेवण झाल्यावर शेजारची भिंत दिसली. उंच, पांढरी, वर काचा. खालांच्या दिरांनी पूर्वी ती जागा एका हॉटेलाला विकली होती. पैसे आले, त्यात लग्ने झाली, पक्के घर झाले, एक मोटारही आली आणि गेली. आज त्यांचा एक मुलगा त्याच हॉटेलच्या फाटकावर रखवालदार आहे. बायकांना समुद्रावर जायला भिंतीला वळसा घालावा लागतो. "तो मुलगा पाहुण्यांना रोज करीबू म्हणतो," भाभी म्हणाल्या, "पण ज्या घरात यायला सांगतो ते घर त्याचं नाही."

ओट्यावरचा निकाल

त्या रात्री ङाम्बोच्या घरी, बराझावर बसून, मी भाईजानला वाडीचे विचारले. कोणी तरी समोरच्या घरात आले घातलेला चहा उकळत होते.

त्याने आधी पर्यटनाची बाजू घेतली. "हे बघ, मी खोटं बोलणार नाही. माझ्या मुलांची शाळा पाहुण्यांच्या पैशावर झाली. बरेच पाहुणे भले असतात. माझ्या गाडीत चार कांगा कायम ठेवलेल्या असतात. कोणी अर्ध्या कपड्यांत गावात शिरायला निघाली, तर अदबीनं तिच्या हाती एक देतो आणि त्यावर लिहिलेली म्हण समजावून सांगतो. आजवर एकीनंही नकार दिला नाही. माणसाला रीत सांगितली तर तो पाळतो. सांगणारा घरचा हवा."

मग तो 2020 बद्दल बोलला. विमाने बंद झाली. गाडी आंब्याखाली उभी राहिली. ज्यांनी सगळे विकून खोल्या बांधल्या होत्या त्यांच्या घरात चूल पेटायची पंचाईत झाली. भाईजानच्या घरी जांबियानीहून मासळी आली, सासऱ्यांच्या शेतातून कसावाचे कंद आले, भाभींनी खालांबरोबर दोऱ्या बांधल्या. "बाय, पर्यटक म्हणजे पाऊस. आला तर अलहम्दुलिल्लाह. पण पाऊस येतो म्हणून कोणी घरची विहीर बुजवतं का?"

मी म्हटले, "आमची विहीर वादळानंच बुजवली आहे, भाईजान."

त्यावर त्याने लवंगेची गोष्ट सांगितली. 1872 साली याच बेटावर मोठे वादळ आले आणि उंगुजातली बहुतेक लवंगेची झाडे मोडून पडली. लवंगेचे झाड पहिले पीक द्यायला सहा-सात वर्षे घेते. तरीही लोकांनी लावली. पेम्बा बेट वादळातून वाचले होते, तिथे लागवड वाढली, आणि आजही झांझिबारची बहुतेक लवंग पेम्बातूनच येते. "तेव्हा सगळ्यांनी लवंग सोडून दिली असती, तर आज मी पाहुण्यांना काय हुंगायला दिलं असतं? त्यांना तुमचा समुद्र कुठंही मिळेल. मुरूडला मिळेल, गोव्याला मिळेल. सुपारीच्या वाडीतलं घर आणि तुझ्या अम्मीच्या हातचं जेवण फक्त तुमच्याकडे आहे. झाडं काढलीत तर तुमच्याकडे दाखवायला काय उरतं?"

"मग खोल्या बांधूच नयेत?"

"बांधा की. राहतं घर आणि झाडं यांना धक्का न लावता जेवढ्या होतील तेवढ्या. दोन होतील, तीन होतील. ओटा मात्र फोडू नका. पाहुण्याला बसायला जागा लागते, आणि त्याच्याशेजारी तुम्हालाही."

आमच्या यांनी विचारले, "तुम्ही कधी परत यायचा विचार करता का?" भाईजानने गल्लीकडे पाहिले. समोरून जाणाऱ्या एका म्हातारबाबांनी त्याला सलाम केला, घरच्यांची खुशाली विचारली, मग बकरीची विचारली, मग पाहुण्यांची. इथे खुशाली विचारण्यात पाच मिनिटे जातात आणि कोणाचे काही बिघडत नाही. 'हराका हराका हाइना बराका' अशी त्यांची म्हण आहे, घाईत बरकत नसते. बाबा गेल्यावर भाईजान म्हणाला, "श्रीवर्धनची आठवण रोज येते. पण इथं मला कुदळ मिळाली आहे."

परत आल्यावर भावाला मी सगळे सांगितले. तो लगेच पटला असे नाही. त्याने हिशेब मांडला, मीही मांडला; दहा खोल्यांचे कर्ज आणि तीन खोल्यांचे कर्ज, बँकेचा हप्ता आणि रिकामे पावसाळ्याचे महिने. दोन रात्री वाद झाला, तिसऱ्या रात्री तो म्हणाला, "बरं, तीन." जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर रोठा सुपारीची रोपे लावली. अधूनमधून केळी आणि जायफळ. घराच्या मागच्या अंगाला तीन खोल्या उभ्या राहिल्या. ओटा आहे तसाच आहे, फक्त अम्मीने तो नव्याने सारवून घेतला.

पुण्याचे एक कुटुंब हिवाळ्यात आले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा भावाच्या मागे मागे वाडीत फिरत होता. भावाने काही न सांगता त्याच्या हातात पाण्याचे डबडे दिले. पोराने एका ओळीतली सगळी रोपे शिंपली आणि मग आईला बोलावून दाखवली.

अम्मीने ते भाईजानला फोनवर सांगितले. त्याने खोल्या कशा चालल्या आहेत ते विचारलेच नाही. विचारले एवढेच : "फूफी, रोपं किती जगली?"